बेंजो : एका वाद्याचे स्थलांतर आणि लोकसंगीताची व्याख्या

भिवंडी तालुक्यातील आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री दोन प्रकारचे संगीत परंपरेने ऐकू येत आले आहे. मांडवात धवलारीण विधींनुसार धवले गाते. तिला वाद्याची साथ लागत नाही. मांडवाबाहेर बेंजो पार्टी वाजते. महदंबेच्या धवळ्यांमुळे पहिल्या प्रकाराला मराठी वाङ्मयेतिहासात तेराव्या शतकापासूनचा आधार मिळाला आणि अभ्यासकांचे लक्षही मिळाले. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र 'गोंगाट' हे विशेषण आले. संबळ, तुणतुणे, डफ, चौंडके, तारपा ही नावे लोकवाद्यांच्या यादीत हमखास असतात. बेंजो त्यांत सहसा नसतो. ही उपेक्षा कितपत समर्थनीय आहे, हे पाहण्यासाठी या वाद्याचा आणि त्याच्या नावाचा प्रवास लक्षात घेणे आवश्यक आहे.

'बेंजो' हे नाव अमेरिकन बँजोचे असले, तरी वाद्य ते नव्हे. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये 'ताइशोगोतो' हे वाद्य तयार केले. त्याचेच हे भारतीय रूप होय. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या असतात. डाव्या हाताने टंकयंत्रासारख्या कळा दाबल्या की तार पडद्यावर टेकते, आणि उजव्या हातातील नखीने ती छेडली जाते. काही तारा कळांखाली येत नाहीत. त्या अखंड एकच सूर धरून राहतात. याच वाद्याने कराची-बलुचिस्तानात 'बेंजू' हे नाव घेतले आणि बलुची संगीतात मानाचे स्थान मिळवले. तेथे त्याच्या परदेशी जन्माची अडचण कोणाला वाटली नाही, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

अमेरिकन बँजोची घडण वेगळी आहे. डफासारख्या चामड्याच्या पडद्यावरून तारा जातात, त्यामुळे सूर टणकन उमटतो आणि लगेच विरतो. तरीही दोहोंत एक साम्य आढळते. पाच तारांच्या बँजोतही एक आखूड तार टिकून एकच सूर देत राहते. धारदार नाद, सुटे आणि जलद स्वर, खाली धरलेला एक सूर : नाचणाऱ्या गर्दीला हेच हवे असते. कळ दाबून निघणाऱ्या सुरात मींड घेणे जवळजवळ अशक्य असल्याने बेंजो ख्यालाला निरुपयोगी ठरतो. ढोल-ताशाच्या कल्लोळातून चाल ऐकू यावी यासाठी मात्र तो उत्तम आहे. ज्याला शास्त्रीय संगीताच्या कसोटीवर दोष म्हटले जाते, तोच येथे गुण ठरतो.

बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत गेले. 1840 च्या दशकापासून गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून केलेल्या 'मिन्स्ट्रेल' खेळांत, पुढे 'व्हॉदव्हिल' नावाच्या विविधरंगी करमणुकीच्या रंगमंचावर तो वाजला. (गण-गवळण, बतावणी आणि वग एकाच रात्री पाहणाऱ्या तमाशाच्या प्रेक्षकाला व्हॉदव्हिलची कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.) 1945 मध्ये अर्ल स्क्रग्ज हे बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदात आले आणि 'ब्लूग्रास' शैलीला तिचा ओळखीचा नाद मिळाला. तोवर बँजो म्हणजे डोंगराळ भागातील गोऱ्या शेतकऱ्यांचे वाद्य, असा समज दृढ झाला होता.

हा समज खोडण्याचे काम पुस्तकांनी केले, तसेच वादकांनीही केले. 2005 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स' हा वाद्यवृंद स्थापन केला. जो थॉम्प्सन या वृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकाकडे बसून त्यांनी जुन्या चाली शिकून घेतल्या. बँजो, फिडल, फुंकून वाजवायचा जग आणि हाडांच्या चिपळ्या एवढ्यावर त्या वाजवल्या. त्यांच्या 2010 च्या ध्वनिमुद्रिकेला पारंपरिक लोकसंगीताचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. थॉम्प्सन 2012 मध्ये निवर्तले. शिष्य सात वर्षे उशिरा आले असते, तर तो दुवा तुटला असता.

बेंजोच्या बाबतीत असे पुनरुज्जीवन सरळ होणार नाही. विजेवाचून त्याचा आवाज खोलीपुरताच पोहोचतो. पार्टीतील बेंजो ध्वनिवर्धकावरच उभा आहे. त्यामुळे ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर आलेले निर्बंध त्यालाही लागू होतात. दुसरीकडे डीजेने त्याची जागा बळकावली आहे. मुद्रित गाण्याला ना वादकांचा ताफा लागतो, ना त्यांची बिदागी. 2016 च्या 'बँजो' या हिंदी चित्रपटाने मुंबईच्या वादकांना पडद्यावर आणले, परंतु चित्रपटात झळकणे आणि चालींची नोंद होणे या भिन्न गोष्टी आहेत.

बेंजोवादक कानाने शिकतो. कोळीगीत, आरती, चित्रपटगीत आणि मांडवातून ऐकलेला धवला यांना तो एकाच ओघात गुंफतो, आणि या जोडणीची स्वरलिपी कोणी लिहून ठेवत नाही. धवल्याचे शब्द संग्रहित करताना अभ्यासक मांडवात बसतो. त्याच चालीला बाहेर मिळालेले रूप त्याच्या वहीत येत नाही. ठाणे जिल्ह्यातील महाविद्यालयांत या वादकांचीच मुले शिकत आहेत. घरातल्या वादकासमोर ध्वनिमुद्रक ठेवण्यास त्यांना लोकसाहित्याच्या प्रकल्पाएवढे निमित्तही पुरेसे आहे.