मोतीबागेतली थांबलेली गाडी

नागपूरच्या मोतीबागेत दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं नॅरोगेज संग्रहालय आहे. २००२ च्या डिसेंबरमध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आत बाग आहे, वाफेचं इंजिन आहे, जुने डबे आणि रेल्वेच्या कामातली जुनी उपकरणं आहेत, आणि मुलांना फेरी मारून आणणारी टॉय ट्रेन आहे. सुट्टीच्या दिवशी घरातली पोरंसोरं हट्ट धरतात तो या फेरीसाठी. हे संग्रहालय उघडलं त्या वर्षी खरी नॅरोगेज शहरात जिवंत होती. जवळच्याच इतवारी स्टेशनातून छिंदवाड्याला आणि नागभीडला जाणाऱ्या ‘छोट्या लाइन’च्या गाड्या रोज भरून निघत होत्या. पुढच्या सतरा वर्षांत दोन्ही मार्ग बंद झाले. आता नागपूरकराला छोट्या गाडीत बसायला मिळतं ते बागेतल्या त्या फेरीपुरतं. रेल्वेप्रेमी मंडळी याबद्दल हळहळतात, आणि त्यांची हळहळ म्हणजे जुन्या आठवणींचा उमाळा, असं म्हणून ती बाजूला सारली जाते. माझ्या मते त्यांचं म्हणणं त्याहून बरंच वजनदार आहे. मार्ग बंद करण्यात चूक झाली नाही. चालणारं यंत्र थांबवून रंगवून उभं केलं की त्याचं जतन झालं, हे आपण गृहीत धरलं, तिथे चुकलं.

या लाइनचा आवाका आधी लक्षात घ्यायला हवा. बेंगॉल नागपूर रेल्वे ही कंपनी १८८७ साली स्थापन झाली. नागपूरहून राजनांदगावपर्यंत गेलेला छत्तीसगडचा मीटरगेज मार्ग तिने घेतला आणि ब्रॉडगेज केला. मात्र सातपुड्याच्या डोंगरात आणि वैनगंगेच्या खोऱ्यातल्या जंगलात तिला एवढा खर्च परवडण्यासारखा नव्हता. तिथे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटांचे रूळ टाकले गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत गाडी पोचली, नागपूर–नागभीड मार्ग १९०८ च्या सुमारास झाला, छिंदवाड्याकडचा त्यानंतर काही वर्षांनी. सगळ्या शाखा धरून हे जाळं हजार किलोमीटरच्या आसपास गेलं. इमारती लाकूड, कोळसा, मँगनीज, धान्य आणि बाजाराला निघालेली माणसं यांना त्यावर सारखीच जागा होती. नागपूर हे या जाळ्याचं मोठं टोक, आणि मोतीबागचा कारखाना हे त्याचं दवाखान्यासारखं ठिकाण. इंजिनं आणि डबे तिथेच उघडले जात, तिथेच पुन्हा जोडले जात.

नॅरोगेजचं वेगळेपण फोटोत कळत नाही. तिचे डबे रुळांच्या अंतराच्या मानाने फार रुंद असतात. अडीच फुटांच्या पायावर जवळजवळ तिप्पट रुंदीचा डबा तोललेला असतो, म्हणून ती वळणावर अशी कलते की खिडकीत बसलेल्याचा हात आपोआप गजाकडे जातो. दोन डब्यांच्या मध्ये मोठ्या गाडीसारखे कडेचे दोन बफर नसतात. मधोमध एकच बफर, त्यावरच आकडा, ओढ आणि धक्का दोन्ही त्याच्याच अंगावर. या एका बफरामुळेच ती इतक्या आवळत्या वळणातून जाऊ शकते, कारण कडेचे बफर तिथे एकमेकांत अडकले असते. संग्रहालयात उभ्या डब्याकडे पाहणाऱ्याला हा बफर दिसतो, त्याचं काम दिसत नाही. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने या लाइनसाठी बनवलेली ‘सीसी’ वर्गाची वाफेची इंजिनं असोत की नंतर आलेली ‘झेडडीएम’ वर्गाची डिझेल इंजिनं, चढावर चाक घसरू लागलं की वाळू कधी सोडायची, उतारावर ब्रेक कुठून धरायचा, हे ज्ञान कागदावर थोडंच उतरलं होतं. ते ड्रायव्हरच्या आणि फिटरच्या हातात होतं. गाडी थांबली की पाचदहा वर्षांत हे हात निवृत्त होतात. लोखंड राहतं, विद्या जाते.

आता विरुद्ध बाजू, आणि ती भक्कम आहे. ही गाडी तासाला तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाई. ब्रॉडगेजच्या जंक्शनवर प्रत्येक पोतं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावं लागे. भिवापूरच्या मिरचीवाल्याला, कुही-उमरेडहून नागपूरला कॉलेजात येणाऱ्या मुलीला, रात्री दवाखान्यात न्यायच्या रुग्णाला ‘सुंदर, संथ प्रवास’ काय कामाचा? १९९२ मध्ये देशभर एकच गेज करण्याचं धोरण आलं, त्यात अशा मार्गांचं रूपांतर ठरलेलंच होतं. २०१५ मध्ये जबलपूर–बालाघाट आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूर–छिंदवाडा बंद झाला. २०१९ च्या नोव्हेंबरात इतवारी–नागभीडची पाळी आली. शंभर किलोमीटरहून लांब अशा या पट्ट्याला ब्रॉडगेज हवीच होती, आणि जो रेल्वेप्रेमी ती नको म्हणतो त्याच्याशी माझं जमणार नाही. मात्र हेही नोंदवायला हवं की छोटी लाइन उखडल्यानंतर मोठी यायला वर्षांमागून वर्षं गेली, आणि त्या काळात या गावांना छोटी गाडी नाही आणि मोठीही नाही, अशी गत झाली. ‘लोकांच्या सोयीसाठी बंद केलं’ हे वाक्य तेवढ्या काळापुरतं तरी खरं नव्हतं.

करमणुकीच्या जागांचंही असंच होतं, आणि तिथलं उदाहरण इथे उपयोगी पडतं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद झालं. दिल्लीचं अप्पूघर १९८४ ते २००८ चाललं. दोन्ही ठिकाणी मोठे झालेल्या पिढीने हळहळ व्यक्त केली, आणि दोन्ही वेळा उत्तर तेच: यंत्रं जुनी झाली, जागा महाग झाली, माणसांची आवड बदलली. यातलं पहिलं कारण सगळ्यांत फसवं आहे. पाळणा असो की इंजिन, यंत्र जुनं होतं ते वापराने कमी आणि दुरुस्ती थांबल्याने जास्त. एक फेरी बंद होते, तिचे सुटे भाग दुसरीला लावतात, येणारे थोडे कमी होतात, तेवढ्याने पुढच्या दुरुस्तीचा पैसा कमी होतो, आणि शेवटी जागेची किंमत फेऱ्यांच्या किमतीहून मोठी दिसू लागते. चाहत्यांना ही उतरण सगळ्यांत आधी दिसते, कारण कुठला पाळणा कधीपासून थांबला आहे हे हिशेबाच्या वह्यांहून त्यांना नेमकं माहीत असतं. म्हणून त्यांची तक्रार पुरावा म्हणून वाचायला हवी.

यावर कोणी म्हणेल, खरी गाडी पर्यटनासाठी चालवायची तर तोटा कोण भरणार? आपल्याकडच्या डोंगरी रेल्वे तिकिटाच्या पैशावर पोट भरत नाहीत, हे खरं आहे. पण कालका–सिमला मार्ग पाहा. १९०३ साली सुरू झालेला, ९६ किलोमीटरचा, आणि रूळ नेमके अडीच फुटांचे, म्हणजे आपल्या सातपुड्याच्याच मापाचे. २००८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. तिथला हिशेब गाडीच्या तिकिटांपुरता मांडला जात नाही, त्यात हॉटेलं येतात, टॅक्सी येतात, डोंगरातलं वर्षभराचं काम येतं. वेल्समधली वेल्शपूल–लानफेअर ही लाइनही याच मापाची. १९५६ मध्ये ती पूर्ण बंद झाली, आणि हौशी माणसांनी १९६३ मध्ये तिच्यातला एक भाग पुन्हा सुरू केला. सुरुवात त्यांनीही एका तुकड्यापासूनच केली. सातपुड्याच्या हजार किलोमीटरमधून पंधरा-वीस किलोमीटरचा एखादा तुकडा, दोन इंजिनं, सहा डबे आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे चार-पाच ड्रायव्हर-फिटर बाजूला काढून ठेवले असते, तर ब्रॉडगेजच्या कामाला त्याने एका दिवसाचीही आडकाठी आली नसती. ज्या विभागाने २००२ मध्ये, गाड्या धावत असताना, संग्रहालयाचा विचार केला त्याची दृष्टी निश्चितच चांगली होती. ती अर्ध्या वाटेवर थांबली, याची खंत वाटते.

नागपूरची संधी गेली, तरी विदर्भात एक उरली आहे. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली बांधल्या गेलेल्या, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीच्या नॅरोगेज लाइनवर ‘शकुंतला’ गाडी मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जात असे. १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन ओढत होतं, नंतर डिझेल आलं, आणि मग गाडीच थांबली. वऱ्हाडातल्या लोकांनी तिच्यासाठी केलेली आंदोलनं मुख्यतः ब्रॉडगेजसाठी आहेत, आणि कापसाच्या या मुलखाला ती मिळायलाच हवी. पण शकुंतलेचे रूळ अजून बऱ्याच अंशी जागेवर आहेत. चिखलदऱ्याला जाणारे बरेच प्रवासी परतवाडा-अचलपूरवरून डोंगर चढतात. नव्या मार्गाचा आराखडा कागदावर असतानाच अचलपूर ते अंजनगाव एवढा पट्टा शेजारून वेगळा राखता येतो का, हे मोजून पाहायला एखादा सर्वे पुरे. त्यासाठी लागणारी माणसं अजून हयात आहेत, त्यांतली काही मोतीबागेच्या कारखान्यातून निवृत्त होऊन नागपुरातच राहतात. सर्वेचा निर्णय त्यांना विचारूनच व्हावा, आणि लवकर व्हावा.