गाडीला गंज का चढतो? : 'क्षरण' शिकवताना

दहावीला 'क्षरण' शिकवताना आपण गंजका खिळा दाखवतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. त्यापेक्षा मुलांना शाळेच्या आवारातल्या गाड्यांपाशी न्या. मडगार्डच्या आत, साइड स्टँडजवळ, दरवाजाच्या खालच्या कडेला बघायला सांगा. अर्धा धडा तिथंच होतो.

गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतं. पत्र्यावर पाण्याचा थेंब बसला की एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडतात आणि शेजारच्या जागी पाणी व ऑक्सिजन ते घेतात. म्हणजे थेंबाखाली एक छोटा विद्युत घटच तयार होतो. त्या पाण्यात मीठ असेल तर आयन वाढतात, प्रवाह सहज वाहतो आणि गंज भराभर चढतो. ॲल्युमिनिअमच्या ऑक्साइडचा थर धातूला घट्ट चिकटून त्याचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फुगा येतो. फुगा दिसेपर्यंत आत बरंच काम झालेलं असतं!

कॅनडा, अमेरिकेतल्या बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ टाकतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, अगदी उणे २१ अंशांपर्यंत. रस्ता मोकळा होतो, पण तेच खारं पाणी गाडीच्या पोटाला चिकटतं. आपल्याकडे ना बर्फ, ना रस्त्यावर मीठ. तरी गाड्या गंजतातच की!

एकट्या सातारा जिल्ह्यातच बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग वाढतो. त्यामुळे दहिवडीची जुनी गाडी पाटणच्या तेवढ्याच जुन्या गाडीपेक्षा खालून बरी निघाली, तर नवल नाही.

मीठही आपल्याला अगदीच परकं नाही. गणपतीपुळे, गुहागरची सहल करून आलेल्या गाडीवर खारी हवा आणि वाळू येते. दुसरं मीठ घरचंच. वाळवा, पलूस, मिरज भागातल्या क्षारपड जमिनी आपल्याला माहीत आहेत. तिथल्या काही बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो. तशा पाण्यानं गाडी धुऊन तशीच वाळू दिली, तर पाणी उडून जातं आणि क्षार उरतात. शेवटची एक बादली गोड्या पाण्याची घ्या आणि कोरड्या फडक्यानं पुसा.

खरा प्रश्न पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ओसरलं, वरून गाडी धुतली, चकचकीत दिसली. पण गाळ दरवाजाच्या पोकळीत, चासीच्या नळीत, कार्पेटखाली बसून राहतो आणि ओल धरून ठेवतो. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक छिद्रं असतात. ती गाळानं बुजली की आतला पत्रा आतूनच सडतो. अशा वेळी सीट आणि कार्पेट काढून आत धुणं, छिद्रं तारेनं मोकळी करणं, मग उन्हात सगळे दरवाजे उघडे ठेवून पूर्ण वाळवणं आवश्यक आहे. ब्रेकच्या लोखंडी पाइपाही मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात. इथं प्रश्न शोभेचा नाही, जिवाचा आहे.

जुनी गाडी घेणार असाल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ दिसते का. स्टेपनीची जागा आणि सीटखालचे रूळही बघा.

काही ठिकाणी गाडीच्या खाली डिझेल किंवा जुनं ऑईल मारून देतात. मला हे पटत नाही. त्यानं रबरी बुश फुगतात, धूळ चिकटते आणि उरलेलं गटारीत जातं. त्यापेक्षा गाडी कोरडी करून चांगलं अंडरकोटिंग करावं. मात्र ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर कोटिंग मारलं, तर ओल आतच कोंडते. ओल्या स्कूटरवर प्लॅस्टिकचा कागद टाकणंही तसंच.

आणि सायलेन्सर? पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. मुलांना शाळेत सोडून लगेच परत, एवढ्याशा फेरीत सायलेन्सर तापत नाही, वाफेचं पाणी आतच साचतं. अधूनमधून लांबची फेरी मारली की ते उडून जातं.

वर्गात पाच परीक्षानळ्या मांडा. पहिलीत खिळा आणि कॅल्शिअम क्लोराइड, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत साधं पाणी, चौथीत मिठाचं पाणी. पाचवीतही मिठाचं पाणीच, पण खिळा पत्रे ठोकायचा, जस्त चढवलेला, कानशीनं एका जागी घासलेला. आठवडाभर रोज नोंद करायला सांगा. घासलेल्या जागी उघडं लोखंड असूनही ते लगेच का गंजत नाही, जस्त आधी का झिजतं, याचं उत्तर मुलांना आपापल्या नोंदींवरून शोधू द्या.