सम-विषम तारखांचे शेजारी

रात्रीचे बारा वाजायला पाच-सात मिनिटे असतात. मुलुंड पूर्वेच्या आमच्या गल्लीत सामसूम झालेली असते, कुत्रीसुद्धा पाय पसरून निजलेली असतात. मग एकेक जिना वाजू लागतो. कुणी लेंग्यात, कुणी अर्ध्या विजारीत, कुणी बनियनवर टॉवेल टाकून, हातात किल्ली घेऊन खाली उतरतो. कोणी कोणाशी बोलत नाही, नुसती मान हलवतात. मोटारी घुरघुरतात आणि दहा मिनिटांत डाव्या हाताची अख्खी रांग उजव्या हाताला जाऊन उभी राहते. परक्याने पाहिले तर त्याला वाटावे की या गल्लीत हा काही कुलाचार आहे.

तसा तो आहेच म्हणा. गल्लीच्या तोंडाशी वाहतूक पोलिसांच्या दोन पाट्या आहेत. विषम तारखेला गाड्या एका बाजूस लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या. मुंबईतल्या कित्येक अरुंद रस्त्यांवर ही वाटणी आहे. ज्या महिन्याला एकतीस दिवस, त्या महिन्याच्या अखेरीस मात्र आम्हांला रजा मिळते. ३१ विषम आणि १ हीही विषम, त्यामुळे त्या रात्री गाडी हलवायची नाही. लीप वर्षातला फेब्रुवारीही या पुण्यात सामील आहे. इतर घरांत पंचांगात एकादशी पाहतात, आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरात ३१ तारीख पाहतात.

माझे लहानपण याच गल्लीत गेले. १९९० च्या सुमारास इथे एकच मोटार होती, ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची फियाट. मुलुंडहून सातव्या स्टेशनावर, कुर्ल्याला, प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली. पुढे तिचीच पद्मिनी झाली, टॅक्सी होऊन साऱ्या मुंबईला तिने फिरवले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या टॅक्सीचाही रस्त्यावरचा फेरा संपला. डॉक्टरांच्या फियाटचा आम्हां पोरांना फार धाक असे. चेंडू तिच्याखाली गेला तर आडवे पडून तो काढायचा, पण बॉनेटला हात लावायचा नाही. बाकी सारा रस्ता आमचा होता. वडिलांची स्कूटर जिन्याखाली मावत असे. मारुती नावाची मोटार डिसेंबर १९८३ पासून निघू लागली होती, पण आमच्या गल्लीच्या वाटेला ती बरीच उशिरा आली. आली तेव्हा पेढे वाटले गेले, आणि गाडी कुठे ठेवणार असा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही.

आज सहा इमारतींत मिळून शहाण्णव बिऱ्हाडे आहेत. मी एका रविवारी पावले टाकून रस्ता मोजला. फाटके, नळाची झाकणे आणि विजेची पेटी सोडून नीट लावल्या तर एका बाजूला एकोणीस गाड्या बसतात. गाड्या आहेत त्रेचाळीस. उरलेल्या चोवीस कुठे जातात, हे आमच्या गल्लीतील मोठे गूढ आहे. काही स्टेशनाजवळ, काही सासुरवाडीच्या आवारात, आणि काही, खरे सांगायचे तर, फाटकाच्या अर्ध्यावर.

तुम्ही म्हणाल, इमारती बांधताना कोणी विचार केला नाही काय? आमच्या इमारती जुन्या, चार मजल्यांच्या, त्यांच्या आवारात स्कूटरींचीच दाटी. पण नव्या नियमांतही हिशेब कसा असतो पाहा. २०१८ मध्ये मुंबईला जी नवी विकास नियमावली लागू झाली, तिच्यात ४५ चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एका मोटारीची जागा धरली आहे. लहान मोटारीला सुमारे अडीच मीटर रुंद आणि साडेचार मीटर लांब जागा लागते, म्हणजे शंभर चौरस फुटांहून अधिक. वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात तीन-तीन पिढ्या वाढल्या. मोटार मात्र एकटी राहते, आणि तीही दिवसाचे वीस-बावीस तास नुसती निजून.

हे शहाणपण मला स्वतःची गाडी घेतल्यावर सुचले, हे कबूल केले पाहिजे. गाडी जुनीच घेतली. आई थकली, तिला रिक्षात चढता येईना, हे कारण होते. तोवर मी रस्त्यावरच्या गाड्यांविरुद्ध वर्गातदेखील टोमणे मारीत असे.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आप्पा राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखे. त्यांच्या घरचे आणि आमच्या घरचे फराळाचे ताट माझ्या जन्माआधीपासून ये-जा करते आहे. काकूंचे अनारसे सबंध गल्लीत नावाजलेले. या आप्पांनी २०२३ च्या उन्हाळ्यात एकाएकी रस्त्यावर दोन कुंड्या आणून मांडल्या. मध्ये एका मोटारीपुरती जागा. मुलगा ऐरोलीहून रात्री साडेअकराला यायचा, त्याच्यासाठी ती राखलेली. बरे, कुंड्याही सम-विषम पाळीत. विषम तारखेला त्यांच्या फाटकाशी, सम तारखेला अगदी आमच्या खिडकीखाली! मध्यरात्री आप्पा आधी मोटार हलवीत आणि मग एकेक कुंडी पोटाशी धरून रस्ता ओलांडीत. एकीत सदाफुली होती, दुसरीत कोरफड. तुळस असती तर पुढे जे झाले त्याला माझा हात झाला नसता.

जुलैतली सम तारीख होती. पाऊस कोसळत होता, महाविद्यालयात सायंकाळची बैठक लांबली होती, मागे आई बसलेली. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, तरी जागा नाही. आणि आमच्याच दाराशी त्या दोन कुंड्या सुखाने भिजत उभ्या! मी उतरलो, कुंड्या उचलून भिंतीशी ठेवल्या आणि गाडी लावली. रस्ता काय आप्पांच्या तीर्थरूपांचा आहे, असेही काहीसे पुटपुटलो. सकाळी पाहतो तो पुढचे चाक बसलेले.

शांत माणसाने आधी चाक तपासले असते. मी इमारतींच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिले की काही ज्येष्ठ शेजाऱ्यांना कुंडीत रोपे लावण्यापेक्षा दुसऱ्याच्या चाकातील हवा काढण्यात अधिक गती दिसते. अर्ध्या तासाने पंक्चरवाल्याने चाकातून बोटभर खिळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. आता तरी तो मजकूर पुसावा की नाही? पण मराठीचा प्राध्यापक पडलो. वाक्य चांगले जमले होते आणि तिघांनी त्यावर हसरे चेहरेही टाकले होते. ते तसेच राहिले. आप्पांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून कुंड्या आमच्या बाजूला येईनाशा झाल्या आणि सम तारखेला त्यांचा मुलगा गाडी पार हमरस्त्यावर लावून चालत येऊ लागला. मला वाटले, जिंकलो.

त्या सुमारास मी कायदाही चाळला, कारण भांडणाऱ्याला आपण बरोबर आहोत याचा पुरावा हवासा वाटतो. रस्ता महापालिकेचा, त्यावर कुंडी, दगड, साखळी मांडून जागा अडवता येत नाही. असला अडथळा उचलून नेण्याचा अधिकार पालिकेला १८८८ च्या कायद्यानेच दिला आहे. हे वाचून मी खूष झालो. पण २०१७ चे वाहन चालविण्याचे नियमही हाती आले, त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावू नये असे आहे. ते आमच्या गल्लीत काटेकोर पाळले तर एकोणिसांतल्या पाच-सहा जागा उडतील, माझी नेहमीची धरून. ते पान मी कोणाला दाखवले नाही.

वाचता वाचता दहिसरच्या एका खटल्याशी येऊन थांबलो. तो आपल्या उपनगरांतील प्रत्येक घराने जाणून घ्यावा असा आहे. दहिसर पूर्वेच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीखाली, खांबांमधल्या ज्या जागेला आपण स्टिल्ट म्हणतो तिथे, पंचवीस मोटारींची सोय होती. बांधणाऱ्या नहालचंद लालूचंद कंपनीचे म्हणणे, या जागा आम्ही घरांबरोबर विकलेल्या नाहीत, त्या आमच्याच, आणि संस्थेने तिथे पाऊल टाकू नये. कंपनी दिवाणी न्यायालयात हरली, २००८ मध्ये उच्च न्यायालयात हरली, आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती लोढा आणि पटनाईक यांच्यासमोरही हरली. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी हक्काच्या घरांच्या कायद्याप्रमाणे उघडी किंवा स्टिल्टखालची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, तो इमारतीचा सामाईक भाग आहे, बांधणाऱ्याला तो स्वतंत्र विकता येत नाही, असा निकाल झाला. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानेही उघड्या पार्किंगची जागा सामाईकांतच घातली.

इथवर ठीक. बिल्डर गेला आणि जागा सगळ्यांची झाली. पण 'सगळ्यांची' म्हणजे आज रात्री कोणाची? भांडण खरे तिथून सुरू होते. संस्थांच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर आहे आणि ते मला फार मराठी वाटले. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाका. भिशीसारखे! ज्याला आली त्याची वर्षभर, पुढल्या वर्षी पुन्हा डबा हलवायचा. कित्येक संस्थांत मात्र पहिल्या दिवशी ज्याने खांबावर आपला नंबर रंगवला त्याची जागा पिढीजात वतन होऊन बसते, आणि चिठ्ठीचा विषय काढणारा सभेत खलनायक ठरतो.

जपानने हे फार आधी ओळखले. १९६२ मध्ये, म्हणजे टोकियोच्या ऑलिंपिकच्या दोन वर्षे आधी, तिथे कायदाच झाला की मोटार घ्यायची तर ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे असे पोलिसांचे प्रमाणपत्र आणा. घरापासून फार तर दोन किलोमीटरवर असली तरी चालेल. आपल्याकडेही मे २०२५ मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी तशीच घोषणा केली. जुलै २०१९ मध्ये मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा लावलेल्या चारचाकींना दहा हजारांपासून पुढे दंड लावून पाहिला, तेव्हा केवढी हाकाटी झाली होती! माझ्यासारख्याला ती जपानी अट लागली असती तर आई रिक्षातच बसली असती. मला अट पटते. आईकडे पाहिले की पटत नाही. यातले कोणते मत खरे, ते माझे मलाच सांगता येत नाही.

असो. २०२३ ची दिवाळी आली. सौभाग्यवतीने नेहमीप्रमाणे समोर ताट पाठवले. ताट रिकामे परत करू नये म्हणून त्यात चिमूटभर साखर आली, आणि बस्स. अनारसे नाहीत, चकली नाही. मी म्हणालो, "पाहिलेस? अजून रुसून बसले आहेत." ती काही बोलली नाही. चार दिवसांनी ती स्वतःच समोर जाऊन आली आणि तासभराने परतली ती डोळे पुसत.

काकूंची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. मे महिन्यापासून आठवड्याला तीनदा डायलिसिस. पहाटे पाचला निघावे लागे, म्हणून गाडी फाटकाशी हवी. येताना तर त्यांना वीस पावलेही चालवत नसत. "लोकांना सांगू नका" असे काकूंनीच घरी बजावले होते. सम तारखेला त्या हमरस्त्यापर्यंत मुलाच्या खांद्यावर हात टाकून, थांबत थांबत जात. आमच्या खिडकीखालून. आणि मी त्या वेळी झोपलेला असे.

त्या रात्री मी तो मजकूर पुसायला गेलो, पण इतका जुना मजकूर पुसता येत नाही असे कळले. मग जिना उतरलो आणि समोरचा चढलो. काय बोलायचे याची दोन-तीन वाक्ये तयार केली होती, ती दारातच विसरलो. "आप्पा, त्या चाकात खिळा निघाला होता," एवढेच म्हणालो. आप्पा म्हणाले, "मला ठाऊक आहे, सर. पंक्चरवाल्याने सांगितले होते. बसा, चहा टाकतो. मला चहा बरा येतो आता."

पुढल्या गणपतीनंतर आमच्या गच्चीवर सहा इमारतींची बैठक झाली. अडीच तास चालली. कोणाच्या घरी दोन गाड्या, कोणाची वर्षभर जागची न हललेली, कोणाचा भाडेकरू, सारे निघाले. एक गृहस्थ रागावून दोनदा उठून गेले आणि दोनदा परत आले. ठरले ते फार थोडे. प्रत्येकाने काचेआड आपला दूरध्वनी क्रमांक लावायचा. ज्या घरी आजारी माणूस आहे त्याच्या फाटकाजवळची एक जागा, सम असो वा विषम, कुंडीशिवाय मोकळी सोडायची. कायद्याने त्याला कवडीचा आधार नाही, आणि पाहुण्यांच्या गाड्या ती पाळत नाहीत. मग कोणीतरी वरून हाक मारतो.

मुलांचीही एक मागणी होती. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत किल्ल्याला एक जागा पाहिजे. त्यावर सर्वांत जास्त वाद झाला, पण ती मंजूर झाली. २०२४ च्या दिवाळीत एका मोटारीच्या जागेत प्रतापगड उभा राहिला. माती कमी पडली तेव्हा आप्पांनी सदाफुली आणि कोरफड उपटून गच्चीवरच्या डब्यांत लावली आणि दोन्ही कुंड्या किल्ल्यावर उपड्या केल्या. वर अळीव पेरले. काकू पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून महादरवाजा कुठे हवा ते हाताने दाखवीत होत्या. अनारसे आमच्या घरी झाले, त्यांच्या देखरेखीखाली. फसले, पण ताटात गेले.

त्या वर्षी नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. रात्री बाराला पाच कमी असताना सवयीने मी किल्ली घेऊन खाली उतरलो. समोरून आप्पाही उतरत होते.

"आप्पा, आज एकतीस. गाडी हलवायची नाही."

"हो की! मग तुम्ही कशाला उतरलात, सर?"

किल्ल्यावरची एक पणती विझली होती. ती लावून आम्ही आपापल्या जिन्याकडे वळलो.