पाणी कुठे मुरतंय?

गाडीचं कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते बंद चक्रात फिरतं, म्हणून टाकीतली पातळी वारंवार उतरत असेल तर गळती आहे, हे गृहीत धरावं. ‘खाली थेंब दिसत नाही’ हा आक्षेप टिकत नाही. तापलेल्या इंजिनावर थेंब वाफ होऊन उडतो, तर हेड गॅस्केट फाटलं असल्यास कूलंट सिलिंडरमध्ये जळून पांढऱ्या धुरावाटे निघून जातं. शिवाय अनेक गळत्या फक्त दाबाखालीच उघड होतात. म्हणून इंजिन थंड असताना कूलंटच्या चक्रात हातपंपाने रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या मर्यादेपर्यंत, साधारण १ बार, दाब द्यावा. पंपावरचा दाबमापकाचा काटा उतरला की होजचे जोड, रेडिएटर, वॉटर पंप क्रमाने तपासावेत.

‘वरून पाणी घातलं की भागतं’, असंही म्हटलं जातं. अडचणीत घरी पोहोचण्यापुरतं ते खरं आहे. पण दर वेळी ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्यं पातळ होतात, उत्कलनबिंदू घसरतो, आतून गंज चढतो. गळती बुजवणारी रसायनं हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकतात. वेळीच बदललेला होज स्वस्त पडतो. तापून वाकलेलं सिलिंडर हेड नाही. आणि तपासताना किंवा पाणी घालताना, इंजिन गरम असेल तर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये.