भिंत पडण्याआधी तिचं माप

अंबडच्या बारवा गावकऱ्यांना नवीन नाहीत. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेल्या या पायऱ्यांच्या विहिरी पिढ्यानपिढ्या सर्वांनी पाहिल्या आहेत. बाहेरच्या माणसाला मात्र त्या सापडतात त्या आता मोबाइलमधल्या नकाशावर. रोहन काळे या तरुणाने काही वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून महाराष्ट्र पालथा घातला आणि बारवा शोधून त्यांची जागा गूगलच्या नकाशावर नोंदवण्याची मोहीम उभी केली. नोंद झाली तशी अनेक गावांना आपल्या बारवेची आठवण झाली. लोकांनी गाळ काढला, झुडपं तोडली, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावले. नकाशावरच्या एका ठिपक्याने एवढं होतं.

आणि ठिपका नसेल तर? डिसेंबर 2022 मध्ये सरकारने संसदेच्या समितीला सांगितलं की केंद्राच्या संरक्षणाखालची 50 स्मारकं नाहीशी झाली आहेत. काही वाढत्या शहरांनी गिळली, काही धरणाच्या पाण्याखाली गेली आणि 24 तर कुठे आहेत त्याचाच पत्ता लागत नाही. ही गत संरक्षित वास्तूंची. ज्यांच्यापुढे साधी पाटीही नाही अशा गावोगावच्या मशिदी, दर्गे, सराया आणि हौद यांचा हिशेब कोण ठेवणार?

आमच्या जिल्ह्याच्या गावचंच पाहा. जालन्याची काळी मशीद जमशेदखानाने 1578 साली बांधली. त्याने तिच्याजवळ हमाम उभारला, मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून तलावाचं पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. मशीद डोळ्यांना दिसते, म्हणून तिची डागडुजी होते. जमिनीखालचं बांधकाम कुणाला दिसत नाही. घराचा पाया खणताना किंवा रस्ता उकरताना ते फुटलं तरी कुणाला हळहळ वाटत नाही. असे नळ शोधायला आज जमिनीत लहरी सोडणारं रडार आहे. दगड, माती आणि पोकळी यांच्याकडून लहरी वेगवेगळ्या परततात, त्यावरून खाली काय असावं याचा अंदाज बांधता येतो. हौद, विहिरी आणि नळांचे सापडलेले तुकडे एका नकाशावर मांडले की चारशे वर्षांपूर्वीच्या अभियंत्याने पाण्याला उतार कसा दिला तेही कळू लागतं.

जमिनीवरच्या इमारतीसाठी लेझर स्कॅनर वापरतात. यंत्र प्रकाशाचा किरण भिंतीवर सोडतं, तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतं आणि असे कोट्यवधी ठिपके मिळून संगणकात मेहराब, घुमट, कंगोऱ्यांसह अख्खी इमारत उभी राहते. वर्षाने पुन्हा मोजणी केली की मिनार किती झुकला, तडा किती रुंदावला, हे दोन चित्रं एकमेकांवर ठेवून पाहता येतं. यंत्र महाग आहे. पण नुसत्या फोटोंवरूनही असं चित्र बनवता येतं. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग यायला हवा, एवढीच त्याची मुख्य अट.

इराकमधल्या मोसुल शहरातल्या अन-नूरी मशिदीचा झुकलेला अल-हदबा मिनार बाराव्या शतकातला. जून 2017 मध्ये तो स्फोटाने उडवण्यात आला. युनेस्कोने ढिगाऱ्यातून हजारो जुन्या विटा वेचून काढल्या आणि 2025 मध्ये तो पुन्हा उभा राहिला, पूर्वीसारखाच झुकलेला. मिनार मुळात कसा होता हे जुन्या फोटोंत आणि मोजमापांत राहिलं नसतं, तर कारागिरांनी कलही अंदाजानेच दिला असता. त्याच शहराच्या संग्रहालयातल्या फोडल्या गेलेल्या मूर्तींची संगणकी चित्रं काही तरुणांनी जगभरच्या पर्यटकांकडचे फोटो गोळा करून बनवली. सहलीत काढलेले फोटो असे उपयोगी पडले.

आपल्याकडे स्फोटाची गरज पडत नाही, टाइल्स पुरतात. मशीद 'चांगली दिसावी' या निर्मळ हेतूने जुन्या दगडावर चकचकीत फरशी चढते, फारसी शिलालेखावर तैलरंगाचे तीन हात बसतात. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर दिलं की ओल आत कोंडते आणि दगड-चुना आतून सुटू लागतो. कुठलंही चित्र ही भिंत सावरणार नाही. त्यासाठी चुना मळणारा गवंडीच लागतो, आणि असे हात आता कमी होत आहेत. पण दुरुस्तीआधी माप घेतलेलं असेल तर गवंड्याला काय परत आणायचं ते तरी कळतं.

कागदपत्रांच्या बाजूनेही मापाला महत्त्व आलं आहे. 6 जून 2025 ला सुरू झालेल्या 'उमीद' पोर्टलवर वक्फ मालमत्तेची नोंद करताना जागेची मापं आणि नकाशावरचं स्थान द्यावं लागतं. ही धावपळ करताना मुतवल्लींनी जागेबरोबर इमारतीचीही नोंद करून ठेवावी, असं आम्हाला वाटतं.

कॉलेजात शिकणारी मुलं-मुली एका रविवारी हे करू शकतात. सकाळच्या किंवा ढगाळ उजेडात इमारतीभोवती हळूहळू फिरत फोटो घ्यायचे, भिंतीला एक मीटरची पट्टी टेकवून ठेवायची, वहीत तारीख आणि दिशा लिहायची. शिलालेखाचे फोटो बाजूने टॉर्च धरून काढावेत, झिजलेली अक्षरंही उठून येतात. ड्रोन उडवायचा तर आधी परवानगीचे नियम पाहावेत. सगळे फोटो मूळ आकारातच ठेवावेत, व्हॉट्सअॅपवरून पाठवले की बारकावे जातात. एक प्रत मुतवल्लींकडे, एक गावच्या शाळेत आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या कुणा नातेवाइकाकडे असावी.