भेंडी पंगतीला का येत नाही

सटाण्याकडच्या लग्नाला जाऊन आलेल्या कुणालाही विचारून बघा, पंगतीत भेंडीची भाजी पानात पडल्याचं आठवतं का? माणूस आधी हसतो, मग खरंच आठवायला लागतो. वांगं पडलं, बटाटा पडला, गंगाफळ पडलं. भेंडी मात्र आठवत नाही. घरोघरी डब्याला जाणारी, पोरं वाद न घालता खातात अशी ही भाजी मांडवाच्या दारातूनच परत का फिरते? तिची चव कुणाला नकोशी आहे म्हणून नव्हे. भेंडीला अडवते ती कढई.

भेंडीच्या प्रत्येक फोडीला तापलेलं लोखंड लागावं लागतं आणि तिच्यातून निघालेली वाफ मोकळी सुटावी लागते. पाव किलो भेंडी तव्यावर पसरली की दोन्ही गोष्टी साधतात. चाळीस किलो भेंडी एका कढईत ओतली, तर लोखंडाला टेकतो तो फक्त तळचा थर. वरच्या थरांचा भार खालच्यांवर पडतो, वाफ आतच कोंडते, फोडी मोडतात, चिकट रस सुटतो आणि झारा फिरवणाऱ्याच्या हातात भाजीऐवजी खळ येते. वांग्याचं नेमकं उलट. त्याच्या गरात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांत तेल नि रस्सा शिरतो आणि शिजताना त्या बसून गर मऊ होतो. वांगं मोडलं तरी बिघडत नाही, घोटलं तर उलट चढतं. म्हणून घोटलेल्या वांग्याला मांडवात मान आणि भेंडी घरी.

याच्यामागे शाळेत शिकवलेली पण कुणी स्वयंपाकघरात न आणलेली एक भूमिती आहे. भांडं लांबी, रुंदी, उंची असं तिन्ही बाजूंनी दुप्पट केलं, तर त्यात आठपट माल मावतो, पण त्याचं बाहेरचं अंग फक्त चौपट होतं. घरचं दोन लिटरचं पातेलं आणि आचाऱ्याचं त्याच घडणीचं दोनशे लिटरचं पातेलं शेजारी ठेवा. पोटात शंभरपट, अंगावर जेमतेम एकवीसपट. म्हणजे एकेका लिटरच्या वाट्याला आलेलं अंग घरच्यापेक्षा साधारण एक पंचमांश उरतं. उष्णता आत शिरते ती या अंगातून, बाहेर पडते तीही त्यातूनच, आणि पाणी उडतं ते वरच्या तोंडातून. चार माणसांच्या पाककृतीला पाचशेने गुणून दोन हजारांचा स्वयंपाक होत नाही तो यामुळे.

भाताचं घ्या. घरी वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी घालतो. ते सगळंच तांदूळ पीत नाही, त्यातला काही भाग वाफ होऊन उडून जातो. मोठ्या हंड्यात वाफ उडायला जागाच कमी, त्यामुळे दुपटीचा हिशेब लावला की भाताची पेज होते. मुरलेला आचारी पाणी हात राखून घालतो. शितं अर्धी कच्ची असतानाच खालचा जाळ ओढून घेतो, झाकणावर निखारे पसरतो आणि उरलेलं काम हंड्याच्या पोटातल्या उष्णतेवर सोपवतो. ती लवकर बाहेर पडणार नाही हे त्याला ठाऊक असतं. भूमिती त्याने वहीत शिकलेली नसते, पण ती त्याच्या मनगटात असते.

वरणाची गोष्ट मात्र थोडी भीतीची आहे. माणशी पन्नास ग्रॅम डाळ धरली तर दोन हजार माणसांना शंभर किलो तूरडाळ लागते. एवढं वरण उकळतं तोवर चिंता नाही. जाळ काढल्यावर ते निवायला मात्र तासन् तास घेतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा एक जिवाणू मोठ्या स्वयंपाकाच्या अशा भांड्यांवरच टपलेला असतो. त्याचे बीजाणू उकळी सोसून जिवंत राहतात आणि अन्न कोमट झालं की जागे होतात. पंचेचाळीस अंशांच्या आसपास, सगळं मनासारखं असलं तर, तो दर दहा मिनिटांना दुप्पट होऊ शकतो. एकाचे तीन तासांत अडीच लाखांच्या वर. घरच्या वाटीभर वरणाला ही सवड मिळत नाही, ते केव्हाच गार झालेलं असतं. म्हणून पंगत उठेपर्यंत वरणाखालचा विस्तव विझू द्यायचा नाही, साठ अंशांच्या वर ते गरम ठेवायचं आणि उरलंसुरलं त्याच दिवशी वाटून टाकायचं ही जुन्या माणसांची शिस्त कंजुषीची नव्हती आणि नुसत्या दानतीचीही नव्हती.

दानतीचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं. सटाणा हे गाव ज्याला हात जोडतं तो एक सरकारी अधिकारी होता. यशवंत महादेव भोसेकर, बागलाणचे मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातले एक लाख सत्तावीस हजार रुपये भुकेल्या लोकांसाठी वाटून टाकले, असं सांगितलं जातं. पुढे लोकांनी त्यांना देवमामलेदार केलं, आणि सटाण्यात त्यांचं मंदिर आहे, यात्रा भरते. जेवू घातलं म्हणून मामलेदाराचा देव झाला, अशा गावात ‘पाहुणा उपाशी गेला’ हा शब्द यजमानाच्या किती जिव्हारी लागत असेल!

आता खानदेशी लग्नातली बट्टी. सगळा लेख तिच्यासाठीच लिहिला असं म्हटलं तरी चालेल.

गहू रवाळ दळायचा, त्यात थोडा मका. ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. पीठ घट्ट मळायचं, इतकं घट्ट की बोट सहज रुतू नये. त्याचे गोळे किंवा मनगटाएवढे लांब उंडे वळायचे आणि वाफवायचे. वाफेत साठ-पासष्ट अंशांच्या पुढे पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, उंडा आतून शिजतो. मग तो बाजूला ठेवून द्यायचा. इथे एक गंमत घडते. गार होताना स्टार्चच्या लांब साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि उंडा ताठ होतो. सकाळची पोळी संध्याकाळी वातड होते ती याच कारणाने. पोळीत जो दोष, तोच बट्टीत कामाला लावलेला आहे. उंडा ताठ झाल्यामुळेच सुरीखाली त्याच्या स्वच्छ चकत्या पडतात, चुरा होत नाही. पंगत बसायच्या वेळी या चकत्या उकळत्या तेलात सोडायच्या. साठ अंशांच्या वर गेलं की ताठरपणा मोडतो आणि आतला भाग परत मऊ होतो. बाहेरचं पाणी उडून कवच तांबूस, खमंग होतं. शिळेपण आणलं आणि वेळेवर घालवलं. अन्नशास्त्राच्या प्रयोगशाळेने हे शोधलं असतं तर पेटंट घेतलं असतं. कुणी न तळता गोवऱ्यांच्या आरावर भाजतं, त्या धुराच्या वासाला तोड नाही हे मान्य. माळव्यात हिचाच भाऊबंद बाफला आधी पाण्यात उकळतात आणि मग भाजतात. म्हणजे हा दोन टप्प्यांचा डाव एकट्या खानदेशाचा नाही.

पण खरी करामत वेळेची आहे. दोन हजार माणसं, माणशी तीन पोळ्या, सहा हजार पोळ्या. एका पोळीला तव्यावर एक मिनिट धरलं तरी शंभर तास. पंचवीस तवे मांडले तर चार तास, आणि पहिली पोळी शेवटची होईपर्यंत चामडं झालेली. पोळी पसरून भाजायची वस्तू, ती तव्याची जागा मागते. बट्टी ढिगाने शिजते, तिला फक्त भांड्यात जागा लागते, आणि तिचं अर्धं काम भल्या पहाटे उरकून ठेवता येतं. पुरीही पसरणारीच, पण तेल तिला दोन्ही बाजूंनी एकदम धरतं आणि काही सेकंदांत ती फुगून बाहेर येते, म्हणून तिला पंगतीत जागा मिळाली. पानात आलेली बट्टी हाताने कुस्करायची, मधे आळं करायचं, त्यात वरण, वरून तूप. ‘ल्या ना भो, आखो एक!’ म्हणत वाढपी पुढे सरकतो तेव्हा नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला पोटात जागा नसते. पोषणाच्या बाजूनेही जोडी बिनतोड आहे. गव्हात लायसिन हे अमायनो आम्ल कमी पडतं, ते डाळीत मुबलक असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते गहू पुरवतो.

याच हिशेबाने मांड्यांचं मोठेपण कळतं. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत मोठी मोठी करत न्यायची आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायची. एका वेळी एक, त्यालाही जन्मभराचा सराव असलेली बाई हवी. मांडे दोन हजारांना पुरत नाहीत. म्हणून ते जावयासाठी, व्याह्यांसाठी, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला आमरसाबरोबर. मला वाटतं, कुठला पदार्थ मानाचा हे पुष्कळदा त्याच्या चवीपेक्षा त्याला गुणता येत नाही यावरून ठरलेलं असावं.

कांदा तर इथला घरचाच. उन्हाळ कांदा नुकता काढून चाळीत पडलेला असतो आणि तेव्हाच लग्नाच्या दाट तिथी असतात. पण वीस किलो कांदा परतायला घ्या, म्हणजे कळतं. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी. त्या सतरा-अठरा लिटर पाण्यातलं बरंचसं उडाल्याशिवाय तो तांबूस होणार नाही, आणि उडायला वाट तेवढी कढईच्या तोंडाची. खानदेशी काळ्या रश्शाने यातून पळवाट काढलेली आहे. कांदा न चिरता अख्खाच विस्तवावर टाकायचा, सुकं खोबरंही भाजायचं आणि मग वाटायचं. एकेक कांदा आपलं सगळं अंग निखाऱ्याला देतो. कढईची अडचण कढईच टाळून सोडवली.

गोडाचं पान मात्र पाण्याने नव्हे, पाण्याच्या अभावाने ठरतं. बासुंदी वैशाखातल्या चाळिशीत दुपारपर्यंत धीर धरत नाही. बुंदी दोन दिवस आधी पाडली तरी तशीच राहते, कारण पाकातली साखर पाणी असं घट्ट धरून बसते की जिवाणूंना प्यायला काही उरत नाही. झाऱ्यातून पडणारा बेसनाचा थेंब तेलापर्यंतच्या वीतभर प्रवासात पृष्ठताणाने स्वतःच गोल होतो. पीठ जरा घट्ट झालं तर त्याला शेपटी येते, सैल झालं तर तो तेलावर चपटा होतो. आणि जिलेबी? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी तिच्या इतिहासावर गंभीर शोधनिबंध लिहून तिचा माग पंधराव्या शतकातल्या जैन ग्रंथापर्यंत लावला. इतका मोठा अभ्यासक जिलेबीमागे लागला, हे मला त्या इतिहासाहून जास्त आवडतं. ती गरमागरम पाकात बुडवतात, कारण आतली वाफ निवताना पोकळी पाक ओढून घेते. गार जिलेबीवर पाक ओतला तर तो वरच राहतो. सोबत मठ्ठा हवाच. तो आंबट, म्हणून उन्हातही बरा टिकतो, आणि दुधातलं केसिन मिरचीचा तिखटपणा धरून जिभेवरून उतरवतं.

आता पंगती कमी झाल्या आणि लॉन्सवर बुफे आला. तिथे डोशाच्या काउंटरपुढची रांग पाहून लोक केटररच्या नावाने बोटं मोडतात. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. मोठ्या तव्यावर एका वेळी चार डोसे, दोन मिनिटांत उतरले तरी तासाला एकशेवीस. आठशे लोकांना डोसा हवा असेल तर जवळजवळ सात तास. घरात लग्न असेल तर माझा सल्ला असा की, पसरणारे पदार्थ दोनच ठेवा, बाकी सगळे ढिगाने शिजणारे. पनीर मांडवात एवढ्या झपाट्याने घुसलं त्याचंही कारण हेच आहे. आंबट घालून फाडलेल्या दुधाचं पनीर चीजसारखं वितळत नाही, त्यामुळे मसाल्यात तासभर रटरटलं तरी तुकडा तुकडाच राहतो.

तरीपण पनीरपेक्षा मी शेवभाजी सांगेन. काळा रस्सा मोठ्या पातेल्यात विस्तवावर हवा तेवढा वेळ उकळत राहतो, शेव कोरडी पिंपात पडून असते आणि दोघांची गाठ पडते ती थेट वाढताना. बिघडायला मधे वेळच नाही. फक्त शेव जाड, भाजीचीच सांगायची. बारीक शेव आणली तर दहाव्या पानापर्यंत तिचं पिठलं झालेलं असतं.