टिक्टो म्हणायचं का?

सकाळी सहाला नाल्यावर पोचायचं. मोहगावच्या संत्र्याच्या बगिच्यांमागचं हे पाणी कन्हानला मिळतं, कन्हान वैनगंगेला, आणि शेवटी सगळं गोदावरीत जातं. वहीत माशाच्या आधी हे लिहितो. इथून पश्चिमेला मुलताईच्या पठारावर तापी उगवून अरबी समुद्राकडे वळते आणि वर्धा तिच्याकडे पाठ फिरवून गोदावरीकडे उतरते. त्यामुळे पाच-दहा कोस सरकलं तरी नदीचं घराणं बदलतं, आणि माशाचं नाव ठरवताना ते घराणं माहीत असावंच लागतं.

ढीवर भाऊ फेकजाळं झाडतात. बोटाएवढे मासे बाजूला काढून म्हणतात, "मास्तर, हे तं चिल्लर आहे, याचं काय करता जी?" मी म्हणतो, "भाऊ, तलावातला कतला, रोहू बाहेरून बीज आणून सोडलेला. चिल्लर इथलीच हाय." त्यांना पटतं. मग तेच काठाच्या गवतात हात घालून आणखी शोधून देतात.

आठ वाजता फोटो. जिवंतपणीचा रंग आत्ताच टिपावा लागतो. फॉर्मलीनमध्ये तो उडतो आणि काळे ठिपके तेवढे उरतात. मोजकेच मासे ठेवून बाकीचे पाण्यात सोडतो. ठेवलेल्यांना लवंगेच्या तेलाच्या पाण्यात शांत करायचं, डीएनएसाठी पराचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये, मासा फॉर्मलीनमध्ये. प्रत्येक बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

अकरापासून टेबल. आजचे मासे अजून मुरायचे आहेत, म्हणून मागच्या फेरीतले, सत्तर टक्के अल्कोहोलमधले घेतो. सूक्ष्मदर्शीखाली दोन ठिपक्यांचा एक मासा. पाठीवरच्या पराचा शेवटचा कडक काटा सुईने उचलला की मागच्या कडेला करवतीचे दाते दिसतात. दाते नसते तर हा पुंटियस सोफोर असण्याची शक्यता धरली असती. दाते आहेत म्हणून पेथिया. अंगाच्या मध्यावरची छिद्रांची रेघ डोक्यामागच्या काही खवल्यांवरच थांबते. एक ठिपका त्या रेघेशी, दुसरा शेपटीच्या देठावर. खवले एका बाजूने मोजतो, चहा पितो, परत मोजतो.

मासे ओळखायच्या किल्लीप्रमाणे उत्तर येतं पेथिया टिक्टो. इथे मी हात आखडता घेतो. टिक्टो हे नाव हॅमिल्टनने १८२२मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात दिलं, बंगालकडच्या माशाला. त्याने पाहिलेला नमुना जपलेला नाही; वर्णन आणि चित्रं आहेत. पुढे दोन ठिपके दिसले की देशभर टिक्टो म्हणायची सवय लागली. २०१२मध्ये पुंटियसचा मोठा पसारा फोडून पेथिया ही प्रजाती वेगळी झाली, आणि २०१६मध्ये पुण्याजवळच्या पवना-नीरेच्या पाण्यातून पेथिया संजयमोलुरी ही नवी जाती नोंदली गेली. पुण्यासारख्या शहराच्या उशाला जाती लपून राहते, तर या डोंगरउतारावर काय काय असेल! म्हणून सर्वांत साधा वाटणारा मासा मला सर्वांत जास्त वेळ खातो, आणि तो द्यायला मी तयार आहे.

चारनंतर सोपी कामं. हनुवटीखाली चूषक असलेला गारा, अंगावर काळा पट्टा असलेला रास्बोरा, वाळूतली मुरी. पटापट मापं, नोंदी.

संध्याकाळी वाचन. सुंदरलाल होरांनी १९४९मध्ये सातपुडा-सिद्धान्त मांडला: पूर्वेकडचे ओढ्यातले मासे विंध्य-सातपुड्याच्या रांगेने पश्चिम घाटात पोचले. त्यावर पुढे बरेच आक्षेप आले. पण बाजू कुठलीही घ्या, पुरावा याच बोटभर माशांत शोधावा लागेल, आणि ओढे आटायच्या आत.

रात्री नऊला चिठ्ठीवर लिहितो: "पेथिया, टिक्टोशी तुलना करावी. कन्हान खोरं." उद्या पहाटेच्या गाडीने मुलताई, तापीच्या बाजूचे दोन ठिपकेवाले आणून दाते शेजारी ठेवून पाहायचे आहेत.